मधुमेह्याची तहान

मधुमेह जडलेल्या माणसाच्या घरांत दोन आज्ञा हटकून ऐकूं येतात. एक, "भात सोडा", आणि दुसरी, जरा दबल्या आवाजांत दिलेली, "पाणी बेतानेंच प्या, म्हणजे सारखें उठावें लागणार नाहीं." पहिली आज्ञा डॉक्टरांच्या नांवावर खपते, दुसरी कोणी दिली हें कोणी विचारीत नाहीं. मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत, कांदिवली-बोरिवलीच्या बाजूस, तासभर आगगाडींत उभें राहून कचेरी गांठणाऱ्या माणसाला ती दुसरी आज्ञा फार सोयीची वाटते. या दोन्ही आज्ञांमागें मोठा इतिहास आहे. त्यांत शहाणपण आहे तसा हट्टहि आहे, आणि त्या हट्टापायीं रोग्यांचे अतोनात हाल झालेले आहेत. तो इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावा, असा माझा विचार आहे.

आपल्याकडील वैद्यकांत या रोगाचा सविस्तर विचार चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आढळतो. त्यांनीं रोगाला प्रमेह असें व्यापक नांव देऊन त्याचे वीस प्रकार मानले आणि मधुमेह हा त्यांतला असाध्य प्रकार ठरविला. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षण या जुन्या वैद्यकांतलें आहे. कारणें सांगतांना चरकानें ताटाइतकाच दोष राहणीला दिला. नवें धान्य, दहीं, दूध, गुळाचे पदार्थ हीं कारणें आहेतच. परंतु त्यांच्याहि आधीं त्यानें बसून राहण्याचें सुख आणि झोंपेचें सुख मांडलें आहे. खाण्याचा लोभ आणि चालण्याचा कंटाळा ज्याच्या ठिकाणीं एकत्र आले, त्याच्याकडे हा रोग किती सहज येतो हें सांगण्यासाठीं चरकानें घरट्याच्या झाडाकडे परतणाऱ्या पक्ष्यांची उपमा दिली आहे. ज्यानें ही उपमा योजिली, त्यानें असे रोगी पुष्कळ पाहिले असले पाहिजेत.

सुश्रुताची दृष्टि याहूनहि सूक्ष्म होती. त्यानें रोग्यांचे सरळ दोन वर्ग केले. एक, जन्मतःच रोगाचें बीज घेऊन आलेला. दुसरा, अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला. पहिला कृश, रूक्ष, थोडें खाणारा, फार तहानेला आणि एका जागीं स्वस्थ न बसणारा. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, तुकतुकीत कांतीचा आणि गादीवर लोळण्यांत सुख मानणारा. उपचारहि त्यानें निरनिराळे सांगितले. स्थूलाची चरबी उतरवावी. कृशाला मात्र नेहमीं राखावें आणि त्याचें पोषण करावें. एकच पथ्य दोघांच्या माथीं मारूं नये, ही गोष्ट इतक्या जुन्या काळीं इतक्या स्पष्टपणें सांगितलेली पाहून आश्चर्य वाटतें.

या पथ्याचा मुख्य आधार जव हा होता. चरकानें प्रमेह्याच्या आहारांत जवाला अग्रस्थान दिलें. सुश्रुताच्या यादींत त्याच्या जोडीला साळी, गहू आणि कोद्रू हीं धान्यें आहेत. मूग, कुळीथ, तूर व हरभरा आहेत. कडू भाज्या आहेत. धान्य सर्वस्वीं बंद करण्याचा हा मार्ग नव्हता. धान्याची जात निवडावयाची आणि त्याला कडधान्याची व भाजीची जोड द्यावयाची, असा तो मार्ग होता. मग श्रमाची पाळी. श्रीमंतानें सांवा आणि देवभात यांसारखीं रानधान्यें व आंवळे-कवठें खाऊन हरणांच्या संगतींत राहावें. निर्धनानें भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र काढीत, छत्री-वहाणांवांचून शंभर योजनें चालावें. आणखी कोणीं विहीर खणावी. यांतला अनवाणी चालण्याचा भाग आज कोणींहि पाळूं नये. जुन्या मधुमेहांत पायांची संवेदना मंदावते, रुतलेला खडा कळत नाहीं आणि लहानशा जखमेपायीं पाय गमावण्याची पाळी येते. एरव्हीं चालणें आणि खणणें यांवरचा सुश्रुताचा विश्वास आजच्या वैद्यकालाहि मान्य आहे.

तिकडे भूमध्य समुद्राच्या बाजूस, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत, आरेटियस नांवाचा एक वैद्य होऊन गेला. तो कॅपडोशिया प्रांतांतला. त्यानें ग्रीक भाषेंत ग्रंथ लिहिला. या रोगाचें 'डायबिटीज' हें नांव त्या ग्रंथांत येतें. त्याचा मूळ अर्थ पाणी आरपार वाहून नेणारी नळी असा आहे. शरीराचें मांस वितळून मूत्रावाटें वाहून जातें, अशी आरेटियसाची समजूत होती. समजूत चूक असली तरी त्याचें पाहणें अचूक होतें. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, अशा रोग्याचें पाणी कांहीं वेळ थांबविलें तर त्याचें तोंड कोरडें पडतें, अंग सुकतें, आंतून होरपळल्यासारखें होतें आणि थोड्याच अवधींत तो दगावतो. पाणी तोडण्याच्या आज्ञेविरुद्ध याहून जुनी आणि याहून स्पष्ट साक्ष मिळणें कठीण.

या तहानेचें कारण कळावयास पुढें सोळाशें वर्षें लोटावीं लागलीं. १६७४ सालीं इंग्लंडांत टॉमस विलिस यानें मूत्राच्या गोडीची नोंद केली. आपल्याकडे ती गोष्ट मुंग्यांनीं आधींच सांगितली होती. १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरानें एका रोग्याचें मूत्र आटवून पाहिलें, तेव्हां भांड्याच्या तळाशीं साखरेसारखा गोड पदार्थ उरला. रोग्याच्या रक्तांतला पातळ द्रवहि त्याला गोड लागला. यावरून एवढें ठरलें कीं, साखर मूत्रपिंडांत उत्पन्न होत नसून रक्तांतूनच तेथें येते.

आज आपणांस त्यामागचा व्यवहार पुरता ठाऊक आहे. निरोगी माणसाचीं मूत्रपिंडें दिवसभरांत सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा सारा रक्ताला परत करतात. गाळलेली साखरहि तीं परत घेतात. परंतु या परत घेण्याला मर्यादा आहे. रक्तांतल्या साखरेचें प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेलें कीं जादा साखर मूत्रांत उतरते, आणि उतरतांना पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. पाणी गेलें कीं रक्त दाटतें आणि मेंदूंतलें केंद्र तहानेची वर्दी देतें. तेव्हां क्रम असा आहे: आधीं साखर वाढते, मग लघवी वाढते आणि शेवटीं तहान लागते. निरोगी माणसानें जास्त पाणी प्यालें तर त्याला जास्त लघवी होते, हें खरें. साखर बेसुमार वाढलेल्या मधुमेह्याच्या बाबतींत मात्र लघवी जास्त होते म्हणून पाणी जास्त प्यावें लागतें. अशा वेळीं पाणी तोडल्यानें साखरेचें वाहणें थांबत नाहीं. फक्त शरीर कोरडें पडतें आणि रक्तांतली साखर अधिकच दाट होते.

तहानेचें हें गणित सुटलें नव्हतें तोंवर, आणि सुटल्यावरहि, वैद्यांचें सारें लक्ष ताटाकडे लागलें. १७९७ सालीं ब्रिटिश लष्करांतील जॉन रोलो या डॉक्टरानें कॅप्टन मेरेडिथ या अधिकाऱ्यावर केलेल्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानें वनस्पतिजन्य पदार्थ जवळजवळ बंद करून मांस, चरबी आणि प्राण्यांच्या रक्ताचे पदार्थ यांवर रोग्याला ठेविलें. मेरेडिथला गुण आला, आणि युरोपांत मांसाहारी पथ्याचें युग सुरू झालें. पुढें इटलींत, नेपल्स शहरीं, आर्नाल्दो कांतानी हा वैद्य इतका कडक निघाला कीं, रोग्यांनीं चोरून खाऊं नये म्हणून तो त्यांना खोलींत कुलुपबंद करून ठेवीत असे.

उलट टोकालाहि माणसें होतीं. फ्रान्समध्यें पिऑरी नांवाच्या डॉक्टरानें असा युक्तिवाद केला कीं, शरीरांतून साखर वाहून जात आहे, तर ती भरून काढण्यासाठीं रोग्यानें भरपूर साखर खावी. हा युक्तिवाद ऐकावयास सरळ आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहण्यासारखा आहे. गेलेलें पाणी भरून काढावें लागतें, कारण शरीरांत त्याचा खरोखरच तुटवडा पडलेला असतो. साखरेची गोष्ट तशी नाहीं. ती रक्तांत तुंबलेली असते आणि पेशींच्या दारांतून आंत जाऊं शकत नाहीं. तुंबलेल्या पाण्यांत आणखी पाणी ओतून शेत भिजत नाहीं. तहान लागली असतां साध्या पाण्याऐवजीं गोड पेय घेणारा आजचा मधुमेही नकळत पिऑरीच्याच मार्गानें जात असतो. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयांत सुमारें ३० ग्रॅम साखर असते. ती रक्तांत चढते, लघवीवाटें पाणी ओढते, आणि तासाभरानें पुन्हां तहान लागते.

याच फ्रान्समध्यें १८७० सालीं प्रशियाच्या सैन्यानें पॅरिसला वेढा दिला. शहरांत अन्नाचा दुष्काळ पडला. तेथें बुशार्दा नांवाचा एक विचारी वैद्य होता. त्याला असें दिसून आलें कीं, या उपासमारींत कित्येक मधुमेह्यांच्या मूत्रांतली साखर उतरली किंवा नाहींशी झाली. त्यानें यावरून कमी खाणें आणि अंगमेहनत यांवर भर दिला, आणि रोग्यारोग्याप्रमाणें पथ्य ठरविण्याची पद्धत घातली. बुशार्दाचें निरीक्षण खरें होतें. परंतु एका वेढ्यांतून निघालेलें सत्य सर्वांना लावूं गेल्यास काय होतें, हें पुढच्या पिढीनें पाहिलें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरानें उपवासाची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. मूत्रांतली साखर जाईपर्यंत रोग्याला उपाशी ठेवावयाचें, आणि मग जेमतेम जीव धरून राहील एवढेंच अन्न द्यावयाचें. ॲलन निर्दय नव्हता. त्याच्याजवळ दुसरें कांहींच नव्हतें, आणि या मार्गानें लहान मुलांचें आयुष्य महिन्यांनीं किंवा वर्षा-दोन वर्षांनीं वाढत होतें. परंतु सुश्रुतानें ज्याला राखावयास सांगितलें, तोच कृश रोगी येथें हाडांचा सांपळा होत होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूझ यांची मुलगी एलिझाबेथ हिला अकराव्या वर्षीं मधुमेह झाला आणि तिला ॲलनच्या देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें. १९२२ च्या ऑगस्टमध्यें तिला कॅनडांत टोरांटो येथें आणलें, तेव्हां त्या वाढत्या वयाच्या मुलीचें वजन सुमारें २० किलो उरलें होतें.

टोरांटोस नेण्याचें कारण असें कीं, तेथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांनीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन वेगळें काढलें होतें. १९२२ सालच्या ११ जानेवारीस लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्या अर्काची पहिली सुई टोंचली. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिपनें तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां टोंचला, तेव्हां साखर झपाट्यानें उतरली. एलिझाबेथ ह्यूझ इन्शुलिनवर वाढली, तिचें लग्न झालें, मुलें झालीं, आणि ती १९८१ पर्यंत जगली. इन्शुलिन मिळालें आणि पेशींचीं बंद दारें उघडलीं. तुंबलेली साखर आंत गेली, लघवी आंवरली, आणि तहान आपोआप शमली. पाणी न तोडतां तहान जाण्याचा खरा मार्ग तो होता.

आतां पथ्याची गरजच उरली नाहीं, असें कांहींना वाटलें; पण तसें झालें नाहीं. १९३६ सालीं लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीं रोग्यांना साखर आणि इन्शुलिन एकाच वेळीं देऊन पाहिलें. कांहींची रक्तशर्करा ताबडतोब उतरली. कांहींवर इन्शुलिनचा फारसा परिणामच होईना. पहिल्या वर्गाच्या शरीरांत इन्शुलिनचा अभाव होता, आणि दुसऱ्याचें शरीर इन्शुलिनला दाद देत नव्हतें. आज ज्यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्या भेदाची ही आधुनिक सुरुवात. सुश्रुताचे कृश आणि स्थूल रोगी हुबेहूब हेच होते असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु रोग एक दिसला तरी रोगी दोन तऱ्हेचे असतात, हा मूळ विचार प्रयोगशाळेंतून परत आला, यांत शंका नाहीं.

ताटाचेंहि तसेंच झालें. १९८१ मध्यें टोरांटो येथेंच डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या पदार्थांनीं रक्तशर्करा किती चढते याचें मोजमाप प्रसिद्ध केलें. पिष्टमय पदार्थ तेवढे सारखे, ही समजूत त्यानें मोडली. कडधान्यांनीं साखर फार सावकाश चढते असें आढळलें. कुळथाचें पिठलें आणि मटकीची उसळ यांना परदेशांतल्या प्रमाणपत्राची गरज होती असें नव्हे. परंतु सुश्रुताच्या यादींत तूर, मूग आणि कुळीथ कां बसले असतील, याचा उलगडा या मोजमापानें झाला.

आपल्या शहरांत या ज्ञानाचा संघटित प्रसार करण्याचें श्रेय डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे जातें. डॉ. एस. एस. आजगांवकर यांच्या पुढाकारानें ती १९५५ सालीं मुंबईंत स्थापन झाली, आणि पुढें माहीम येथें या रोगासाठीं तिचें रुग्णालय उभें राहिलें. तेव्हां हा सुखवस्तु लोकांचा रोग समजला जाई. १९७० नंतरच्या पांच वर्षांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें केलेल्या पाहणींत शहरांतल्या शंभर माणसांत दोनच मधुमेही आढळले होते. त्याच परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ सालीं प्रसिद्ध झालेले आंकडे सांगतात कीं, प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ लोकांना मधुमेह आहे. म्हणजे दहा कोटींहून अधिक माणसें.

हें कसें घडलें, याचें उत्तर कांदिवलीच्याच इतिहासांत शोधतां येतें. १९०७ सालीं येथें रेल्वेचें स्थानक झालें, तेव्हां भोंवतीं भातशेतें, ताडाचीं झाडें आणि विहिरी होत्या. पश्चिमेस खाडी आणि पूर्वेस डोंगर. १९२० नंतरच्या दशकांत येथल्या खाणींतून दगड काढून तो बॅक बेच्या भरावासाठीं आगगाडीनें नेला जात असे. १९५७ सालीं हा भाग बृहन्मुंबईंत आला. १९८५ नंतर चारकोपला जागतिक बँकेच्या साहाय्यानें मोठी वसाहत वसविण्यांत आली. पूर्वींचा कांदिवलीकर भातच खात होता. पण तो खाण्यापूर्वीं आणि खाल्ल्यानंतर तो चिखलांत वांकून लावणी करीत होता, खाणींत घण मारीत होता, विहिरीचें पाणी शेंदीत होता. आज भात तोच आहे, किंबहुना अधिक सडलेला आणि पांढरा आहे. श्रम मात्र गेले. चरकानें ज्याला बसण्याचें सुख म्हटलें, तें कचेरींतल्या खुर्चीच्या रूपानें घरोघरीं आलें. तें सुख म्हणण्याजोगें आहे कीं नाहीं, हें सायंकाळच्या गाडींत चर्चगेटहून परतणाऱ्या माणसाला विचारावें.

या कहाणींत एक धागा पुण्याचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथल्या नवजात मुलांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतल्या साउदॅम्प्टनच्या मुलांचें ३.५ किलो. वजन इतकें कमी असूनहि त्या मुलांच्या अंगावरची चरबी त्या मानानें कमी नव्हती. उणें होते ते स्नायु. पुढें २००४ सालीं याज्ञिक यांनीं लंडनच्या डॉ. यडकिन यांच्यासह स्वतःचींच मापें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत छापलीं. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें. पण शरीरांतली चरबी यडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांची शेंकडा २१.२. तेव्हां आपल्याकडचा माणूस दिसावयास कृश आणि आंतून स्थूल असूं शकतो. सुश्रुताचे दोन्ही रोगी एकाच कातडीखालीं नांदत असावे, असा हा प्रकार आहे. म्हणूनच अशा माणसाला नुसतें उपाशी ठेवून भागत नाहीं. त्याची चरबी घटली पाहिजे आणि स्नायु टिकले पाहिजेत. त्यासाठीं डाळ, उसळ, दूध-ताक, खाणाऱ्यांनीं अंडीं-मासे, यांचा पुरेसा वांटा ताटांत हवा आणि अंगाला मेहनत हवी.

आतां प्रारंभीं सांगितलेल्या दोन आज्ञांकडे वळूं. "भात सोडा" या आज्ञेंत अर्धें तथ्य आहे. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, चतकोर भाग डाळी-उसळींचा, आणि उरलेल्या चतकोरांत भात किंवा भाकरी, अशी मांडणी ठेविली तर भाताला देशोधडीला लावण्याचें कारण नाहीं. उलट, भात सोडून नाचणीच्या चार भाकऱ्या खाणारा, किंवा उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी पोटभर घेणारा माणूस पथ्य पाळीत नाहीं. तो पथ्याचें नांव तेवढें पाळतो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यानें तर जेवण टाळून उपवास करणें धोक्याचें आहे. घाम सुटला, हात थरथरूं लागले, बोलणें अडखळूं लागलें, तर साखर फार उतरली असें समजून तीन-चार चमचे साखर पाण्यांतून ताबडतोब द्यावी. मधुमेह्याला साखर हेंच औषध ठरतें, अशी ही एक वेळ आहे. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र तोंडांत कांहीं घालूं नये. तडक डॉक्टर गांठावा.

दुसरी आज्ञा, पाणी तोडण्याची, हिच्यांत मुळींच तथ्य नाहीं. तरीहि ती जिवंत आहे, आणि याचें कारण वैद्यकाबाहेर आहे. गाडींत सोय नसते. स्थानकावर असते ती पुष्कळदां वापरण्याजोगी नसते. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी. त्यांच्यासाठीं मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मागणारी 'राइट टू पी' ही चळवळ २०११ पासून मुंबईंत उभी राहिली, तेव्हां घराबाहेर पडावयाचें म्हणून बायका पाणीच पीत नाहींत, ही गोष्ट उघडपणें बोलली गेली. मधुमेही स्त्रीला याची किंमत दुप्पट मोजावी लागते. साखर वाढलेली असली कीं पाणी जास्त जातें, आणि पाणी कमी प्यालें कीं मूत्रमार्गाच्या रोगांना वाव मिळतो; मूत्रांतल्या साखरेवर ते आधींच पोसलेले असतात. घरांतल्या थोरांची गोष्ट आणखी निराळी. उतारवयांत तहानेची जाणीवच बोथट होते. तेव्हां "आई, तहान लागली का?" असें विचारण्यापेक्षां सुनेनें किंवा लेकीनें पेला हातीं द्यावा, हें बरें.

पेय कोणतें, याचें उत्तर सोपें आहे. साधें पाणी सर्वांत उत्तम. पातळ ताक चालेल. रक्तदाब असल्यास तें बिनमिठाचें असावें. उसाचा रस, नीरा आणि डब्यांतले फळांचे रस हे तहानेचे उपाय नव्हेत. शहाळ्याच्या पाण्यांतहि थोडी साखर असते हें ध्यानांत ठेवावें. आणि दिवसाचे पांच कप गोड चहा तर मोजणींतून सुटूंच देऊं नयेत. ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बळ झालें आहे, त्यांनीं मात्र पाण्याचें माप डॉक्टरांकडूनच घ्यावें. त्यांना अधिक पाणी अपाय करतें. ताप, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर पाणी थोडें थोडें पण सतत द्यावें, साखर वारंवार तपासावी, आणि जेवण जात नाहीं म्हणून इन्शुलिन आपल्या मतानें बंद करूं नये. मधुमेहावरचीं कांहीं नवीं औषधें मुद्दाम लघवीवाटें साखर बाहेर काढतात. तीं चालू असल्यास अशा आजारांत तीं थांबवावीं का, हें डॉक्टरांना त्याच दिवशीं विचारावें. रोगी गुंगूं लागला, श्वास खोल व जलद चालूं लागला, तर घरांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाची हौस अशा प्रकृतीनें करूं नये. देवाला तें मान्य व्हावें.

श्रोतेहो, आरेटियसानें पाणी तोडल्याचा परिणाम लिहून ठेविला, त्याला सुमारें अठरा शतकें झालीं. सुश्रुताची कृशाला राखण्याची सूचनाहि फार जुनी आहे. या दोन गोष्टी माहीत असूनहि मधल्या काळांत माणसांना कोंडून ठेविलें गेलें आणि मुलांना उपाशी ठेविलें गेलें, कारण एका रोग्याला लागू पडलेला नियम दुसऱ्यावर डोळे मिटून लादला गेला. आपल्या घरांत हा रोग असेल, तर नियम लादण्यापूर्वीं त्या माणसाकडे नीट पाहावें. त्याचें वजन उतरत आहे कीं चढत आहे, तो दिवसाकांठीं किती चालतो, त्याला रात्रीं किती वेळां उठावें लागतें, हें टिपून ठेवावें. एकाएकीं तहान वाढली, तर पाण्याचा तांब्या त्याच्यापासून दूर नेऊं नये. तांब्या भरून त्याच्या उशाशीं ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचें रक्त तपासून घ्यावें.